मुंबईच्या वेशीबाहेरची जुनी मुंबई

मुंबई पाहायला म्हणून गावाकडचा माणूस घरातून निघतो, तेव्हा त्याच्या मनात काय काय असतं, हे काही निराळं सांगायला नको. राणीची बाग, चौपाटी, म्हातारीचा बूट, गेटवे ऑफ इंडिया, महालक्ष्मी, सिद्धिविनायक आणि वेळ उरलाच तर एखादं नाटक. शाळेची सहल आली तर फार तर लाँचने घारापुरी. मुलं दमतात, मास्तर त्याहून दमतात आणि रात्रीच्या गाडीनं मंडळी परत फिरतात. त्यात वाईट काहीच नाही. राणीची बाग पाहिल्याशिवाय मुंबई पाहिल्यासारखं वाटत नाही, हे मलाही मान्य आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. जिला आपण मुंबई म्हणून पाहतो ती वयानं लहान आहे. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात ही बेटं इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून मिळाली, तेव्हा इथं कोळीवाडे, भाताची खाचरं, नारळी-पोफळी आणि थोडीफार वस्ती होती. त्याआधी दीड-दोन हजार वर्षं या किनाऱ्यावर जी मोठी नावाजलेली गावं होती ती मुंबईच्या बाहेर होती. सोपारा, कल्याण, ठाणं, चेऊल. व्यापारी तिथं उतरत, राजे तिथं राहत, भिक्षू तिथून भिक्षा घेऊन डोंगरातल्या लेण्यांत जात. म्हणजे खरी वडीलधारी मंडळी वेशीबाहेर बसली आहेत आणि आपण धाकट्या नातवाला भेटून घरी परततो!

म्हणून या वेळी तुम्हांला वेशीबाहेर न्यायचं आहे. लोकल गाडीचं तिकीट, पाण्याची बाटली आणि डब्यातली भाजी-भाकरी एवढ्यावर ही यात्रा होते.

आधी सोपारा. चर्चगेटहून विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की नालासोपारा स्टेशन लागतं. नाळे हे एक गाव आणि सोपारा हे दुसरं. रेल्वेनं दोघांची गाठ मारली. गाडीतून उतरल्यावर जी गर्दी दिसते ती पाहून 'हे कसलं प्राचीन बंदर?' असं कुणालाही वाटेल. पण महाभारतात ज्याला शूर्पारक म्हटलं आहे ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं या समुद्रावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, तीत सोपाऱ्याचं नाव आहे. बौद्धांच्या कथांमध्ये इथला पूर्ण नावाचा व्यापारी येतो. समुद्रावरच्या सात फेऱ्यांनी श्रीमंत झालेला हा माणूस भिक्षू झाला, आणि त्यानं चंदनाच्या लाकडाचा विहार बांधून प्रत्यक्ष बुद्धाला शूर्पारकाला बोलावलं, असं ती कथा सांगते. कथेतलं किती खरं मानायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण चंदनाचा विहार बांधणारा सावकार जिथल्या गोष्टीत शोभतो, ते गाव साधं नसणार, एवढं कळतं.

स्टेशनच्या पश्चिमेला दोन-तीन किलोमीटरवर एक टेकाड आहे. लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले. सुपं, टोपल्या, रोवळ्या विणणारा बुरूड इथं राजा कधी झाला? कुणालाच सांगता येत नव्हतं. शूर्प म्हणजे सूप. शूर्पारक या नावातलं सूप लोकांच्या आठवणीत राहिलं आणि सुपाच्या मागोमाग सूप विणणारा बुरूड आला असावा, असा माझा आपला तर्क आहे. तर्कच म्हणा त्याला.

१८८२ सालच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणलं. हे नाव शिक्षकमंडळींनी मुद्दाम लक्षात ठेवावं. जन्म १८३९ सालचा, गाव जुनागढ. जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी एक भलाथोरला खडक आहे आणि त्याच्यावर सम्राट अशोकाच्या चौदा आज्ञा कोरलेल्या आहेत. लहानपणापासून हा मुलगा त्या खडकाशी जायचा आणि अक्षरं लावत बसायचा. कॉलेजात गेला नाही. इंग्रजी शिकण्याचा योग आला तोही थोडाच. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापाशी राहून त्यानं देशभर हिंडून शिलालेख उतरवले. पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठानं या माणसाला सन्मानाची डॉक्टरेट दिली.

तर टेकाड खणल्यावर आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात विटांची कोठडी, कोठडीत मोठा गोल दगडी करंडा. करंड्याचं झाकण उचललं तर मधे तांब्याची डबी आणि तिच्याभोवती आठ दिशांना आठ मूर्ती बसलेल्या. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या डबीत दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि स्फटिकाच्या डबीत सोन्याची! सोबत सोन्याची फुलं, रंगीत मणी. आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या डबीत काय निघालं असेल? हिरा नाही, माणिक नाही. मातीच्या भांड्याचे तेरा बारीकसे तुकडे. भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी श्रद्धेनं ते पाच डब्यांच्या आत जपले होते. खापराला सोन्याची डबी! हे जेव्हा जेव्हा मनात येतं तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसतो.

त्याच करंड्यात चांदीचं एक नाणं होतं, यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं. हा राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. भोवतीच्या आठ मूर्ती मात्र त्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी घडवलेल्या दिसतात. म्हणजे मधे केव्हातरी कुणीतरी हा करंडा पुन्हा उघडला, मूर्ती आत बसवल्या आणि जसाच्या तसा मिटून ठेवला. एकानं ठेवलेली ठेव दुसऱ्यानं सहाशे वर्षांनी उघडून पाहिली आणि त्यातली सोन्याची डबी जागच्या जागी राहिली. या सगळ्या वस्तू पुढे मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आल्या. टेकाडाच्या जागी आज तुम्हांला विटांच्या स्तूपाचे अवशेष पाहायला मिळतात.

आता त्याच सोपाऱ्यातली दुसरी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. त्याच १८८२ साली गावातल्या एका तळ्याजवळ भगवानलालांना काळ्या दगडाचा एक तुकडा सापडला. त्यावर मोडकीतोडकी काही ब्राह्मी अक्षरं होती. दुसऱ्या कुणाच्या हाती तो पडता तर त्याचा अर्थ लागायला वर्षं गेली असती. पण गिरनारच्या खडकाशी वाढलेल्या माणसाला चार शब्द पुरे झाले. अशोकाच्या चौदा आज्ञांपैकी आठव्या आज्ञेचा तो तुकडा होता. आज तो मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

आणि या आठव्या आज्ञेचा विषय काय आहे, ठाऊक आहे? प्रवास! अशोक म्हणतो त्याचा सारांश असा: पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे मौजेला, त्यात शिकार असे आणि तसल्याच करमणुकी असत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर आपण बोधगयेला गेलो, आणि तेव्हापासून आपल्या यात्रा धर्मयात्रा झाल्या. या यात्रेत काय करायचं? ब्राह्मणांना आणि श्रमणांना भेटायचं, दान द्यायचं. वृद्धांना भेटायचं, त्यांना मदत करायची. आणि जनपदातल्या लोकांना, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या माणसांना, भेटून त्यांच्याशी धर्माबद्दल बोलायचं. सव्वाबावीसशे वर्षांपूर्वीचा एक सम्राट सांगतो आहे की सहल कशाला काढावी, आणि त्या यादीत खेड्यातला माणूस आहे. सहलीचा अर्ज मुख्याध्यापकांपुढे ठेवताना याहून चांगला आधार कोणता मिळेल?

पण यातच एक टोचणी आहे. चौदा आज्ञा जर सोपाऱ्याला कोरल्या होत्या, तर बाकीच्या कुठे गेल्या? १९५६ साली जवळच्या भुईगावाला दुसऱ्या एका आज्ञेचा तुकडा सापडला. म्हणजे एकूण दोन तुकडे. उरलेलं कुणाच्या विहिरीच्या काठाला लागलं असेल, कुणाच्या उंबऱ्याखाली गेलं असेल, एखाद्या ओट्यावर धुणं धुऊन धुऊन अक्षरं पुसली असतील. सोपाऱ्याच्या आजूबाजूला आज ज्या वेगानं इमारती उठताहेत आणि पाया खणले जाताहेत, तो वेग पाहिला की जीव थोडा खालीवर होतो. चक्रेश्वराच्या तळ्याकाठी महादेवाचं देऊळ आहे, तिथं जुन्या मूर्ती ठेवल्या आहेत. त्यांतली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती तेवढी पाहिल्याशिवाय परतू नका. ब्रह्मदेव आपल्याकडे दुर्मिळच.

सोपाऱ्याहून परत येताना बोरिवलीला उतरा. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्या पोटात कान्हेरी. सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढा वार चुकवा. 'कान्हेरी काही अपरिचित नाही,' असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण बहुतेक लोक तिसऱ्या नंबरचं चैत्यगृह पाहतात, ओसरीतल्या उंच बुद्धमूर्तींपुढे फोटो काढतात आणि माकडांना हुसकावत खाली येतात. डोंगरावर शंभराच्या वर लेणी आहेत, आणि ज्यानं वर चढायचे कष्ट घेतले त्यालाच खरी कान्हेरी दिसते. मी तुम्हांला मूर्ती पाहायला पाठवतच नाही. तुम्ही पाणी पाहा.

तुम्ही शेतकरी माणसं. डोंगरउतारावरचं पाणी अडवणं म्हणजे काय, हे तुम्हांला शिकवायला नको. कान्हेरीच्या जवळजवळ प्रत्येक विहाराच्या अंगणाशी, एका कडेला, कातळात खोदलेलं टाकं आहे. या टाक्यांना त्या काळी 'पोढी' म्हणत. हा शब्द तिथल्या शिलालेखांतच आहे, आणि घाटावरच्या किल्ल्यांवर हिंडणाऱ्यांच्या तोंडी तो अजून येतो. आता लेण्याच्या कपाळावर पाहा. कातळात बोटभर, वीतभर खोलीच्या पन्हाळी खोदल्या आहेत. वरच्या उघड्या खडकावर पडलेला पाऊस या पन्हाळींतून वळवून पोढीत सोडलेला आहे. लेण्याच्या तोंडावर पाण्याची धार नको, हा एक हेतू आणि तेच पाणी साठवायचं, हा दुसरा. मधल्या ओढ्यावर बांधाऱ्याच्या खुणाही आहेत. इथं पावसाळ्यात शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने कोरडे. अशा जागी शेकडो माणसांची वस्ती हजार वर्षं टिकली ती या पन्हाळींच्या जोरावर. काही टाक्यांत आजही पाणी सापडतं.

आणि ही टाकी खोदायला पैसा कुणी दिला? शिलालेख वाचले की कळतं. कल्याणच्या एका सोनारानं एक पोढी दिली. कुणी लोहार आहे, कुणी व्यापारी, कुणी घर-शेती सांभाळणारा गृहस्थ. भिक्षुणी तर पुष्कळ आहेत. दात्यांची गावं पाहिलीत तर सोपारा, कल्याण, नाशिक, चेऊल असा सगळा नकाशा उभा राहतो. एका पोढीच्या लेखात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ही राणी कार्दमक घराण्यातल्या महाक्षत्रपाची मुलगी. सातवाहन आणि क्षत्रप म्हणजे एकमेकांचे हाडवैरी. त्यांच्यात सोयरीक झाली होती, ही इतिहासातली मोठी बातमी आपल्याला कुठल्या ताम्रपटातून नव्हे, पाण्याच्या एका टाक्यावरून कळली. मुलांना हे सांगून बघा. सनावळ्यांना कंटाळलेला मुलगासुद्धा कान टवकारतो.

पुढची गोष्ट त्याहून गंमतीची. नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, म्हणजे जुन्या इराणी लिपीतले. इ. स. १००९ साली आणि पुन्हा १०२१ साली काही पारशी मंडळी कान्हेरी पाहायला आली आणि आपली नावं कोरून गेली. आज लेण्यांच्या भिंतीवर नावं खरडणाऱ्यांना आपण रागावतो, आणि रागावलंच पाहिजे. पण हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाहुण्यांनी तसं केलं म्हणून भारतातल्या पारशांचा एक अगदी जुना पुरावा शिल्लक राहिला. तुमच्या वर्गातला एखादा चलाख मुलगा इथं तुम्हांला पेचात टाकील, तेव्हा तयारीनं जा.

याच डोंगररांगेत इंग्रजांनी १८६० च्या सुमारास विहारचा आणि १८७९ साली तुळशीचा तलाव बांधून मुंबईला नळाचं पाणी दिलं. भिक्षूंना पाणी दिलेल्या डोंगरानं गिरणगावालाही पाणी पाजलं.

कान्हेरीच्या एका लेखात मंगलठाण नावाच्या गावातलं शेत संघाला दान दिल्याचा उल्लेख आहे. पंडितांच्या मते हे मंगलठाण म्हणजे बोरिवलीतलं मागाठाणे. तिथंही लेणी आहेत, किंवा होती म्हणू या. वस्तीनं त्यांना असं चारी बाजूंनी वेढलं आहे की ठाऊक असल्याखेरीज सापडायची नाहीत, आणि सापडली तरी पाहून समाधान व्हायचं नाही. लहान मुलांना घेऊन तिथं जाऊ नका. नाव तेवढं सांगा. बसच्या पाटीवर 'मागाठाणे' वाचलं की दोन हजार वर्षांपूर्वीचं एक भातशेत डोळ्यांपुढे आलं, तरी पुष्कळ झालं.

अंधेरीच्या पूर्वेला कोंडिवट्याची लेणी आहेत. लोक महाकालीची लेणी म्हणतात. दगड ठिसूळ, त्यामुळे नक्षी फार झडली आहे. तरी नवव्या नंबरचं लेणं पाहाच. सभागृहाच्या टोकाला कातळात एक गोल झोपडी कोरली आहे, तिला दाराच्या दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या, आणि आत स्तूप. कुडाच्या गोल खोपटाची हुबेहूब नक्कल. अगदी सुरुवातीला जेव्हा कारागीर लाकडाचं काम दगडात उतरवायला शिकत होते, तेव्हाचा हा नमुना आहे. सुतारकाम जाणणारा कुणी बरोबर असेल तर त्याला विचारा, तो तुम्हांला माझ्याहून चांगलं समजावून सांगेल. जोगेश्वरीचं लेणंही जवळच आहे. ते सहाव्या शतकातलं, फार मोठं, पण अंधारं आणि पावसाळ्यात ओलं.

आता बोरिवलीच्या पश्चिमेला या. इथं मंडपेश्वर आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराचं शिवाचं लेणं. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली आणि फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्याचं चर्च केलं. वर डोंगरावर मोठी इमारत बांधून तिथं कॉलेज काढलं. एका बाजूच्या भिंतीवरचं जुनं शिल्प तासून तिथं क्रूस कोरला. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगिजांचा अंमल गेला, आणि महादेव पुन्हा आपल्या जागी आले. आज लेण्यात नटराजाचं भंगलेलं शिल्प आहे, पिंडीवर बेल वाहिलेला आहे, क्रूसही भिंतीवर तसाच आहे आणि माथ्यावर पोर्तुगीज इमारतीच्या भग्न भिंती उभ्या आहेत. कुणी तो क्रूस पुसून टाकला नाही, हे मला या लेण्यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. इतिहास असा थरांनी साठतो. एका थराचा राग येतो म्हणून तो खरवडायला गेलं की खालचाही जातो.

मंडपेश्वरापासून फार लांब नाही असं एकसर गाव आहे. आता गाव कसलं, बोरिवलीतच मिसळलं आहे ते. पण गावठाण अजून ओळखू येतं, आणि तिथं देवळाजवळ वीरगळ आहेत. वीरगळ तुम्हांला नवे नाहीत. आपल्या खेड्यांत मारुतीच्या पाराशी, शिवेवर, तळ्याच्या बंधाऱ्यावर हे दगड उभे असतात. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला स्वर्गात नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा आणि सर्वांत वर कलश. गाईगुरं वाचवताना नाहीतर गावासाठी लढताना मेलेल्या माणसाचं ते स्मारक. एकसरच्या वीरगळांचं वैशिष्ट्य असं की त्यांवर लढाई समुद्रावरची आहे. शिडाच्या काठ्या उभारलेली गलबतं एका रांगेत, एका बाजूला वल्ह्यांची ओळ, आणि गलबतांवर हातघाई चाललेली. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये अशा सहा शिळांची नोंद आहे.

ही कुठली लढाई? काही अभ्यासक म्हणतात, कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची. इ. स. १२६५ च्या सुमाराला. घाटावरचं यादवांचं सैन्य हत्ती घेऊन कोकणात उतरलं, सोमेश्वर गलबतांच्या भरवशावर समुद्रात शिरला आणि बुडाला, असं यादवांकडचे कवी सांगतात. दुसरे अभ्यासक शिल्पाची घडण पाहून हे दगड दोन-अडीचशे वर्षं आधीचे मानतात. वाद मिटलेला नाही आणि लवकर मिटेलसं दिसत नाही. पण आपल्या कोळी-भंडारी-आगरी पूर्वजांनी चालवलेली गलबतं कशी होती, ती वल्ही कशी मारत, हे डोळ्यांनी पाहायचं तर या दगडांपुढे उभं राहावं लागतं. आपले आरमाराचे धडे शिवाजीमहाराजांपासून सुरू होतात. त्याच्या चारशे वर्षं आधीचं पान एकसरला उघड्यावर, ऊनपावसात उभं आहे.

वसईचा किल्ला पुष्कळांनी पाहिलेला असतो, म्हणून त्याचं वर्णन करत नाही. एकच गोष्ट सांगतो. १७३९ च्या विजयानंतर वसईतल्या चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी आणल्या आणि महाराष्ट्रातल्या देवळांना वाहिल्या. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा आहे ती त्यांतलीच. तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकराला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. तुमच्या तालुक्यात एखाद्या देवळाची घंटा ओतीव, जाड काठाची आणि परक्या अक्षरांची असेल, तर पुजाऱ्यांना विचारून एकदा जवळून पाहा. वसई तिथंही लटकत असेल.

मध्य रेल्वेनं गेलात तर अंबरनाथ. स्टेशनपासून चालत जाता येतं. देवळात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे आणि त्यात शिलाहार राजा माम्वाणी याचं नाव आहे. हे देऊळ नाव घेऊन सांगता येईल इतकं सुंदर आहे. काळ्या दगडावर बाहेरून एक वीतही जागा कोरीवकामावाचून सोडलेली नाही. गाभारा मात्र खाली आहे. मंडपातून वीसेक पायऱ्या उतरून अंधारात, गारव्यात पिंडीपाशी जायचं आणि वर पाहायचं तर शिखराच्या जागी आभाळ! शिखराचं वरचं काम आज नाही, त्यामुळे वरून उजेडाचा झोत थेट गाभाऱ्यात उतरतो. शेजारून वालधुनी नदी वाहते. नदी म्हणायची ती जुन्या सवयीनं. कारखान्यांच्या सांडपाण्यानं तिची दशा काय झाली आहे ते नाकालाच कळतं. साडेनऊशे वर्षांपूर्वी ज्या राजानं ही जागा निवडली त्यानं ती नदीकाठ म्हणून निवडली होती. देवळाच्या दगडाला संरक्षण मिळालं, पण ज्या पाण्यामुळे देऊळ तिथं आलं ते वाऱ्यावर सोडलं. मुलांना देऊळ दाखवाल तेव्हा नदीही दाखवा. टाळू नका.

शेवटी खाडी ओलांडून अलिबागकडे. गेटवेवरून मांडव्याला किंवा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते, पुढे एस. टी. किंवा रिक्षा. अलिबागच्या दक्षिणेला जवळच आक्षी गाव आहे. तिथं एक शिळा आहे. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, आणि खाली गाढवाचं चित्र. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. राजानं जमीन दान दिली की असा दगड उभारायचा, आणि हे दान जो मोडील त्याला गाढवाचं नाव घेऊन अर्वाच्य शिवी! ती शिवी लिहायची मात्र लोकांच्या भाषेत, म्हणजे संस्कृत न येणाऱ्यालाही ती लागावी. मुंबईत परळला सापडलेल्या शके ११०९ च्या लेखात असंच आहे: दानाचा मजकूर संस्कृत, शिवी मराठी. आपल्या मायबोलीचे जुने नमुने शिव्यांमुळे टिकले, याचं हसू आलं तरी खरं आहे.

आक्षीच्या शिळेवरचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला गेला. तो बरोबर असेल तर श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध ओळींच्याही आधीचं हे मराठी ठरतं. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी हा लेख मराठीतला पहिला म्हणून पुढे आणला. वाचनाबद्दल मतभेद आहेत, पण त्यामुळे दगडाची किंमत कमी होत नाही.

ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत गधेगाळी आहेत. कित्येक ठिकाणी लोक त्यांना देव समजून शेंदूर फासतात, कित्येक ठिकाणी अपशकुनी म्हणून उपडे घालतात. तुमच्या गावात असा दगड असला तर त्यावर तेल, शेंदूर, ऑइलपेंट चढू देऊ नका. तारेच्या ब्रशानं घासू नका, आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडूनं रेघोट्याही ओढू नका. चुकीची रेघ ओढली की पुढचा माणूस तीच वाचतो. भर दुपारी असा लेख वाचायला जाऊ नका, काही दिसायचं नाही. सकाळी सूर्य नुकता वर आलेला असताना किंवा संध्याकाळी उन्हं कलल्यावर जा. दगडावर हलकं पाणी शिंपडा आणि एका बाजूला उभे राहा. तिरप्या उन्हात कोरलेल्या खाचेत सावली भरते आणि पुसट अक्षरं एकेक करून वर येऊ लागतात. पहिलं अक्षर बहुधा 'स्व' असतं. 'स्वस्ति'मधलं.